सकाळी समुद्र पाठीशी, संध्याकाळी समोर

आमच्या आजीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सत्तरी ओलांडल्यावर. कुंभार्ली घाट उतरून आम्ही गुहागरला गेलो होतो. पोचेपर्यंत दुपारचा दीड वाजला. वाळूत उतरल्या उतरल्या सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून ओळीने उभं केलं आणि फोटो काढला. पुढे आजी गेली. भिंतीवर लावायला तोच फोटो मोठा करू असं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की पदराच्या सावलीत तिचा चेहराच दिसत नाही. मागचं आभाळ पांढरंफटक आणि पुढची माणसं काळी. समुद्राकाठचा तिचा तेवढा एकच फोटो आहे. ही चूक माझी होती. ती टाळणं किती सोपं होतं हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पाटणच्या लोकांना समुद्र लांब वाटतो, पण तो आपल्या दारातल्या रस्त्याच्या टोकाला आहे. गुहागर-विजापूर महामार्ग पाटणच्या बाजारपेठेजवळून जातो. पश्चिमेला कोयनानगर, हेळवाक, मग घाट, खाली पोफळी, चिपळूण आणि शेवटी गुहागर. शंभर-एकशेदहा किलोमीटर, घाट धरून तीन तास. आणि आपल्या तालुक्यात निम्मं घर गावी तर निम्मं मुंबईत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गिरण्यांमध्ये, गोदीत, बाजारांत आपली माणसं राबली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. सगळं घर एका जागी येतं ते गावच्या यात्रेला नाहीतर दिवाळीत. भाऊबीज झाली की दोन दिवस हाताशी उरतात. त्या दोन दिवसांत सगळ्यांनी मिळून समुद्र पाहावा, एक नीट फोटो काढावा आणि त्याचं संक्रांतीचं भेटकार्ड करून नातेवाइकांना पाठवावं, अशी माझी सूचना आहे. पूर्वी संक्रांतीला छोटी रंगीत कार्डं मिळायची. त्यांच्यासोबत हलव्याचे चार दाणे पाकिटात घालून ते पाकीट मुंबईच्या पत्त्यावर जायचं. त्या कार्डावर गुलाबाचं चित्र असायचं. आता त्या जागी आपली माणसं येऊ शकतात.

संक्रांतच का, तर हिशोब सोपा आहे. दिवाळीत काढलेला फोटो दिवाळीच्या शुभेच्छांना उपयोगी पडत नाही, पण जानेवारीच्या मध्यापर्यंत निवडायला, छापायला आणि टपालात टाकायला भरपूर वेळ मिळतो. नाताळच्या आठवड्यात कोकणात इतकी गर्दी असते की फोटोत आपल्यापेक्षा परकी माणसंच जास्त येतात. मेमध्ये हवा धुरकट असते, पावसाळ्यात समुद्र जवळ जाण्यासारखा नसतो. पावसाने धुतलेली स्वच्छ हवा मिळते ती दिवाळीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

आता तिथी. किनाऱ्यावरच्या फोटोत अर्धी गंमत ओल्या वाळूची असते. ओहोटीला पाणी मागे गेलं की वाळू आरशासारखी होते, आभाळाचा रंग तिच्यात उतरतो आणि माणसांची प्रतिबिंबंही पडतात. भरतीच्या वेळी गेलात तर सुरूच्या झाडांपासून लाटेपर्यंत थोडीशीच जागा उरते, पोरांवर लक्ष ठेवण्यात सगळा जीव जातो. कोकणातल्या मच्छीमारांचा एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास आणि तशीच रात्री. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी भरलेलं. फोटोसाठी अष्टमी वाईट, अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उत्तम. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं आणि भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी सूर्य बुडताना पाणी ओसरलेलं किंवा ओसरत असतं. पंचांगाने आपल्यासाठी वेळ आधीच ठरवून ठेवली आहे. दिवाळीत जमलं नाही तर त्रिपुरी पौर्णिमेच्या मागचापुढचा रविवार बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असतेच. हा हिशोब ढोबळ आहे, अर्ध्या तासाचा फरक पडतो. मुक्कामाच्या घरमालकांना विचारून खात्री करून घ्या.

याच दिवसांत उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, हे मात्र विसरू नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

या लेखातली मुख्य गोष्ट आता. आपला समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य सकाळी जमिनीकडून, झाडांच्या मागून वर येतो आणि संध्याकाळी पाण्यात बुडतो. एवढं डोक्यात ठेवलं की फोटो कसा काढायचा हे कुणी शिकवायला लागत नाही. सकाळी माणसांची पाठ समुद्राकडे हवी, कारण उजेड जमिनीच्या बाजूने त्यांच्या तोंडावर येतो आणि मागचं पाणी निळं दिसतं. संध्याकाळी माणसांचं तोंड समुद्राकडे हवं आणि फोटो काढणाऱ्याची पाठ पाण्याकडे, म्हणजे मावळतीचं पिवळं ऊन सगळ्यांच्या गालांवर पडतं आणि मागे सुरूचं बन, माडांचे शेंडे येतात. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. संध्याकाळी सूर्याला पाठ करून उभे राहतो आणि मग चेहरे काळे आले म्हणून फोनला बोल लावतो.

सकाळचं आणखी थोडं. नोव्हेंबरमध्ये सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, पण मागच्या टेकड्या आणि झाडं यांच्यावर यायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर सगळ्या किनाऱ्यावर एक मऊ, सारखा उजेड असतो. डोळे मिचकावावे लागत नाहीत, नाकाखाली काळी सावली पडत नाही. माझ्या मते कार्डाचा फोटो काढायची सगळ्यांत चांगली वेळ हीच. सूर्य झाडांवर आला की ऊन थेट डोळ्यांत जातं आणि फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली समोरच्यांच्या पायांवर चढते. तेव्हा काढायचाच असेल तर थोडं बाजूला सरका, सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला लावा. नऊनंतर फोन खिशात ठेवा आणि पोरांना पाण्यात खेळू द्या.

संध्याकाळी सूर्य मावळतो सहाच्या पुढे थोड्या वेळाने. शेवटची वीस मिनिटं मोलाची. हिवाळ्यात तो समुद्राकडे तोंड केल्यावर जरा डावीकडे, नैऋत्येच्या अंगाने बुडतो, त्यामुळे माणसांनीही त्याच अंगाला थोडं वळावं. सूर्य बुडाल्यावर लोक पाठ फिरवून चहाच्या टपरीकडे चालू लागतात. तुम्ही थांबा. पुढची दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेचं आभाळ स्वतःच दिव्यासारखं असतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या उजेडात फार सुंदर दिसतात. मावळत्या सूर्यापुढे काळ्या आकृत्यांचा फोटो हवा असेल तर जरूर काढा. फोनच्या पडद्यावर आभाळाला बोट लावा आणि माणसांमध्ये वीतभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच गोळा दिसतो. पण तो फोटो कार्डावर नको. दूरच्या आत्याला तुमचे चेहरे बघायचे असतात.

वाराही याच हिशोबाने चालतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, त्यांचा उपयोग इथे आहे. पहाटे-सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि तो मंद असतो. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो समुद्रावरून जोरात येतो. तेव्हा समुद्राकडे पाठ केली तर केस आणि पदर सगळे तोंडावर येतात. तोंड समुद्राकडे केलं की तेच केस मागे जातात. म्हणजे सकाळी पाठ आणि संध्याकाळी तोंड, हा नियम उजेडालाही जुळतो आणि वाऱ्यालाही.

कपड्यांविषयी माझं मत ठाम आहे. सगळ्यांनी एकसारखे टीशर्ट घालायची गरज नाही. आजी नऊवारीत आणि आबा धोतर-टोपीत जसे रोज दिसतात तसेच कार्डावर यावेत. बाकीच्यांनी त्यांच्या लुगड्यातले दोन रंग घेतले की घर आपोआप एक दिसतं. वाळू आणि आभाळ दोन्ही फिकट असतात, म्हणून गडद हिरवा, डाळिंबी, मोरपंखी, हळदी असे आपल्याकडचे रंग तिथे उठून दिसतात. पांढऱ्या टोपीची मात्र काळजी घ्या. भर उन्हात फोन त्या पांढऱ्यावर उजेड बेततो आणि तिच्याखालचा चेहरा काळवंडतो. पडद्यावर टोपीला नको, गालाला बोट लावा आणि दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये उजेड तिथे पक्का होतो. आजीचा पदर कपाळावर फार पुढे आला असेल तर दोन बोटं मागे घ्या, तिला विचारून. मी ते केलं असतं तर आज भिंतीवर तिचा चेहरा असता.

फोटोचे कपडे घालून घाट उतरू नका. कुंभार्लीच्या वळणांवर पोरांना गाडी लागते. आवळासुपारी, लिंबू जवळ ठेवा आणि कपडे गुहागरात पोचल्यावर बदला. एक रात्र मुक्काम करणं उत्तम, म्हणजे एक संध्याकाळ आणि एक सकाळ अशा दोन संधी मिळतात. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांच्या वाट्याला नेमकं दुपारचं ऊन येतं.

आता माणसं कशी उभी करायची. गुडघे दुखणाऱ्या माणसांना मऊ वाळूत चालवत नेणं जिवावर येतं, म्हणून रस्त्यापासून जवळची आणि ओली-घट्ट वाळू असलेली जागा आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणाहून एक खुर्ची मागून न्या. आजीला मध्ये बसवा, मग तिच्याभोवती बाकीचे. खुर्चीचे पाय वाळूत रुततात, त्यांच्याखाली नारळाची करवंटी किंवा सपाट दगड घाला. कुटुंब मोठं असेल तर एका ओळीत उभं राहू नका, सगळ्यांना मावण्यासाठी फार मागे जावं लागतं आणि कार्डावर चेहरे हरभऱ्याएवढे होतात. पोरं खाली वाळूत, वडीलधारे बसलेले, तरुण मागे, अशा तीन पायऱ्या करा आणि खांद्याला खांदा लागू द्या. आपल्या घरांत काही माणसं स्वतःहून मागे सरकतात: मोठी जाऊ, धाकटी विधवा चुलती, कर्जाने खचलेला चुलता. त्यांना हाताला धरून मध्ये आणा. ज्याच्या हाती फोटो काढायचं काम असतं तो कुठल्याच फोटोत नसतो, हीही घराघरातली गोष्ट आहे.

त्यासाठी फोनमधला दहा सेकंदांचा टायमर वापरा. तिपाई वाळूत खचते, तिच्या पायांखाली चपला ठेवा. तिपाई नसेल तर शेजारच्या कुटुंबाला विनंती करा, तुम्हीही त्यांचा एक काढून द्या. त्यांना फोन हातात देण्यापूर्वी चौकट तुम्ही ठरवून द्या. शहाळंवाल्याला किंवा घोडागाडीवाल्याला सांगितलंत तर त्याचं गिऱ्हाईक तुटणार नाही अशी वेळ बघा.

फोन धरण्याचे काही मुद्दे आहेत. खाऱ्या वाफेने काचेवर धुरकट थर बसतो, म्हणून दर दहा मिनिटांनी धुतलेल्या सुती कापडाने काच पुसा. वाळू लागलेल्या रुमालाने मात्र कधीच नको. जवळ उभं राहून सगळ्यांना मावण्यासाठी रुंद भिंग लावलं तर कडेचे चेहरे ताणले जातात, त्यापेक्षा दहा पावलं मागे जा आणि साधं भिंग वापरा. फोन उभ्या माणसांच्या छातीच्या उंचीवर धरा. समुद्राची रेघ सरळ हवी आणि ती कुणाच्या मानेतून किंवा कानातून जाता कामा नये. एका जागी किमान वीस फोटो काढा, कारण पंधरा माणसांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. आणि डोक्यावर आभाळ, पायाखाली वाळू जरा जास्तच ठेवा. फोनचा फोटो चार-तीनच्या मापाचा असतो, तर छापायचा कागद सहा बाय चार इंचांचा. छापताना वरचं किंवा खालचं कापलं जातं, आणि बहुधा आबांची टोपी नाहीतर पोरांचे पाय जातात. मोकळी जागा शिल्लक असली की तिथे शुभेच्छाही लिहिता येतात.

शुभेच्छा लिहिण्याची एक सुंदर तऱ्हा ओहोटीने फुकट दिलेली आहे. ओल्या वाळूवर काठीने खोल अक्षरं कोरा आणि सूर्य खाली असताना, बाजूने ऊन पडत असताना फोटो घ्या. अक्षरांत सावली भरते आणि ती छापल्यासारखी दिसतात. दुपारी तीच अक्षरं पुसट होतात. हे काम घरातल्या सगळ्यांत लहान लिहित्या मुलाकडे द्या, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल.

क्रम लक्षात ठेवा: आधी पोट, मग फोटो, मग पाणी. भुकेलं पोर हसत नाही, आणि एकदा पाण्यात शिरलेलं पोर बाहेर येत नाही. पाच मिनिटांत फोटो संपवायचा बेत असावा. नंतर ती खेळत असताना, आजी पहिल्यांदा पायावर लाट घेत असताना, न सांगता काढलेले फोटो पुष्कळदा जास्त चांगले येतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला सगळ्यांचा आणि मागच्या बाजूला असा एखादा छोटा, हे मला आवडतं.

धोक्याची गोष्ट स्पष्ट सांगतो. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की लाट दिसत नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याखेरीज एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे बघत राहायचं, दुसरं काही करायचं नाही. आपण नदीकाठची माणसं, पोहता येतं म्हणून धीट असतो, पण ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेतं आणि त्याला कोयनेच्या डोहाचे नियम लागू नाहीत. घोट्याच्या वर पाणी असेल तिथे फोटो नको. गुहागर तालुक्यातल्या हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाशेजारी बामणघळ आहे. खडकाच्या अरुंद चिरेत भरतीचं पाणी घुसून उंच उडतं, आणि त्या फवाऱ्यासोबत फोटो काढायला लोक ओल्या खडकावर उभे राहतात. तिथे लांबून बघा. उधाणाच्या दिवसांत तर कडेला जाऊच नका. कोळ्यांच्या होड्यांवर, जाळ्यांवर चढून फोटो काढू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे. गुहागरच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर फ्लॅश आणि बॅटरी पाजळत फिरलं की ती बुजतात.

पाटणच्या माणसाने अर्धा दिवस जास्त काढून अंजनवेललाही जावं. गुहागरपासून ते फार लांब नाही. तिथे गोपाळगड वाशिष्ठीच्या मुखावर उभा आहे, पलीकडे दाभोळ. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरतं, वीज देऊन वाशिष्ठीत जातं आणि चिपळुणावरून या खाडीने समुद्राला मिळतं. ज्यांची गावं, शेतं त्या जलाशयाखाली गेली अशी कितीतरी घरं आपल्या ओळखीची आहेत. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना खाडीच्या तोंडाशी उभं करून फोटो काढा आणि समोर आपल्या कोयनेचंही पाणी आहे हे नातवंडांना तिथेच सांगा.

परत आल्यावर कामाचा कंटाळा करू नका. महिन्याभरात एका संध्याकाळी सगळे बसून एकच फोटो निवडा. माझा नियम असा की निवड आजीची. छापायला देताना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, त्यात तो आकसतो आणि बारीक तपशील जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. सहा बाय चार इंचाच्या स्वच्छ छपाईला निदान अठराशे बाय बाराशे पिक्सेलचा फोटो लागतो. फोनमधला मूळ फोटो त्याहून मोठाच असतो. पाटणात किंवा कराडात आधी एकच प्रत काढून बघा. फोनच्या पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर गडद येतो, मग तो थोडा उजळून बाकीच्या प्रती काढा. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, हातोहात फिरणाऱ्या कार्डाला मॅट कागद बरा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं टपालात पडली पाहिजेत. हलव्याचे दाणे फोटोला टेकले तर त्यावर खड्डे पडतात, म्हणून पाकिटात पुठ्ठा घाला आणि दाण्यांची चपटी पुडी त्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवा.

आणि प्रत्येक प्रतीच्या मागे तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा, बोथट पेन्सिलीने, हलक्या हाताने, म्हणजे पुढच्या बाजूला वळ उठणार नाहीत. आजीच्या जागी नुसतं ‘आजी’ लिहू नका. तिचं नाव लिहा, आणि माहीत असेल तर माहेरचंही.